ठिपका म्हणून पुसलेली

सौभाग्यवतीस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, माफ कर. राग आवरत नव्हता. थोरल्याने पाण्याच्या टाकीवर चढून काढलेला आपल्या टेकडीचा फोटो इथे त्याच्या घरी बैठकीत लावलाय. भारी लेन्स, आभाळ निळंशार. पण तेव्हा चढावर बादली घेऊन तू होतीस, मला पक्कं आठवतं, ती गायब!

म्हणतो, "बाबा, मधे ठिपका येत होता, कॉम्प्युटरवर पुसला."

"ठिपका? गाढवा, आई आहे तुझी!"

मी ताटावरून उठलो, तेव्हा कुठे त्याने मूळ फोटो मोठा करून आणला. त्यात तू वाकून थांबलीयस, हात छातीवर. आणि पोराला दिसलं काय, तर ठिपका!

दम लागतो का गं? लपवू नकोस. लगेच कळव.

थोरल्याचे बाबा