पाकिटावरची धमकी

४ ऑक्टोबर २०१८
सिगारेटच्या पाकिटावर नवीन फोटो आलाय. सडलेला गळा, खाली फोन नंबर, आजच सोडा म्हणे. पेडण्याच्या मामलेदार कचेरीत लोकांना नोटिसा मी काढतो. मला कोण नोटीस देणार? आजपासून पाकीट बंद. जयरामच्या पानाच्या गाड्यावरून सुटी सिगारेट घेणार. सुटीवर फोटो नसतो.

९ ऑक्टोबर
जत्रेच्या नाटकाची तालीम सुरू. राजा अर्थात मी. दरवर्षी मीच. भिकाजीमास्तर म्हणाले, लांब संवादात मध्येच थांबलास. म्हटलं, तो पॉज होता. घरी भाग्यलक्ष्मी म्हणाली, पॉज न्हय तो, तुमचो दम सरलो. बायकोला नाटकातलं काय कळतं!

१५ ऑक्टोबर, सकाळी
सेजलने कॉलेजातून पोस्टर आणून फ्रिजवर लावलं. त्यावर लिहिलंय, बाबा, आमच्यासाठी सोडा. पोटच्या पोरीचं ब्लॅकमेल! डोकं इतकं तापलं की लागोपाठ दोन ओढाव्या लागल्या. प्रचाराचे हे परिणाम सरकार मोजत नाही.

२२ ऑक्टोबर
पाकिटावरच्या नंबराला फोन केला. सोडायला नव्हे, सूचना करायला. घाबरवून माणूस सुधारत नाही, मानाने सांगा, असं ठणकावलं. पलीकडची बाई म्हणाली, बरोबर आहे सर, मग कधी सोडताय? इतक्या मानाने विचारल्यावर काय करणार! पुढच्या महिन्याची एक तारीख दिली.

१ नोव्हेंबर
दिवाळी तोंडावर. आता नको. त्या बाईचा फोन आला, उचलला नाही. उगाच खोटं कशाला बोला?

१९ नोव्हेंबर
दरबाराच्या प्रवेशात खोकल्याची उबळ आली, मुकुट खाली. मास्तरांनी राजा साईशला दिला. बँकेतला पोरगा, मिशी चिकटवावी लागते! फार लागलं मला. जेवलो नाही.
मास्तर घरी आले. म्हणाले, शिवदास, रागार जावं नको, तुका दुसरो रोल आसा. नाटकाआधी आरोग्य केंद्राची तंबाखूविरोधी नाटिका आहे, त्यातला म्हातारा. साफ नकार दिला. मग कळलं, मुख्य भूमिका आहे. होकार दिला.

८ डिसेंबर, जत्रा
नाटिका गाजली. डॉक्टर म्हणाले, इतका अस्सल खोकला त्यांनी रंगमंचावर पाहिला नाही. मी मेलो तेव्हा बायका डोळे पुसत होत्या.
पडदा पडला तरी खोकला थांबेना. भाग्यलक्ष्मी धावत आत आली, पाठ चोळता चोळता रडू लागली. बाहेर लोक वन्स मोअर ओरडत होते.