स्क्रूवरची लाल टिकली

प्रिय शिफा,

खूप खूप दुआ. आज सोमवार, उद्यमनगराला सुट्टी, म्हणून गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून आत बसलोय आणि तुझ्या बारावीच्या वहीचे कोरे कागद फाडून लिहितोय. घरात आपली बोली निराळी, पण हातात पेन आलं की मला शाळेतली मराठीच सुचते. एकोणतीस दिवस झाले, तुझा मला फोन नाही. अम्मीला करतेस, तिच्याकडून पुण्यात तुझ्या खोलीवर पाणी किती वाजता येतं इथपर्यंत सगळं कळतं. मला मात्र नाही. अम्मीनं तुला कारण विचारलं तर तू म्हणालीस म्हणे, अब्बांना सांगून झालंय, त्यांनाच विचार. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तू रुसली आहेस हे न कळण्याइतका मी खुळा नाही, आणि हा रुसवा गेल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण त्यासाठी आधी एका गाडीची हकिकत सांगावी लागेल. मेकॅनिकची पोरगी आहेस, ऐकून घे.

गडमुडशिंगीच्या संयोगिता मॅडम आठवतात ना, मुख्याध्यापिका होत्या त्या? त्यांची वीस वर्षांची पांढरी गाडी अजून चालते. मागं लावलेल्या एमपीएफआय अक्षरांतली दोन गळून पडली आहेत, बाकी सगळं शाबूत. ती कामाला आली की त्याच गाडीच्या मागच्या सीटवर तू लहानपणी झोपायचीस. तुला ताप असला, रडू येत असलं, की मी इंजिन चालू करून ठेवायचो आणि त्या बारीक घरघरीत तुझे डोळे मिटायचे. अम्मी डबा घेऊन आली की ओरडायची, पेट्रोल जाळून पोरगी झोपवणारा बाप सगळ्या कोल्हापुरात एकच असेल म्हणून. गेल्या मंगळवारी मॅडम गाडी घेऊन आल्या आणि काचेतूनच म्हणाल्या, “दिलदारभाई, गाडी जाग्यावर हुबी असली तरी भुंगा शिरल्यागत करतीया. सिग्नलला क्लच जरा ढिला केला की म्होरं पळतीय. म्हैन्यामागं सर्व्हिसिंग तुम्हीच केलंय की.” दोनदा सांगितलं त्यांनी, दुसऱ्यांदा जरा जोरात.

आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिनचं फिरणं, वाढलं की पहिला विचार कसला करायचा, हे तुला मी दहाव्या वर्षी शिकवलंय. एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलवर संशय घ्यायचा नाही. हवा जेवढी आत येईल तेवढंच पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो, म्हणून जास्तीची हवा कुठून येते ते शोधायचं. अॅक्सिलरेटरची केबल बघितली, ढिली होती, म्हणजे ठीक. मग हवेचा एकेक रबरी होज चिमटीत दाबून बघितला, सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. एक होज चिरलेला सापडला. मी खूश. नवा घातला, गाडीत बसलो, पहिला गिअर टाकून क्लच हळूच जरासा सोडला, तर गाडी मला न विचारताच भिंतीकडं निघाली. इंजिन गरम असूनही थंड असल्याचा निरोप जात असेल म्हणून तापमानाचा सेन्सर बदलला. आयडलिंगचा व्हॉल्व्ह उघडून काजळी धुतली. प्रत्येक वेळी गाडी भिंतीकडं. तीन दिवस असे गेले. तीस वर्षांत मला एका आयडलिंगला तीन दिवस कधी लागले नव्हते.

मधेच इकडची खबर सांगतो. उद्यमनगर हल्ली फार शांत झालंय. समोरच्या फौंड्रीतले ठोके पूर्वी छातीत वाजायचे, आता कुणीतरी लांब गादी झोडपतंय असं वाटतं. पत्र्यावर चिमण्या येतात, चोची उघडतात आणि जातात. सकाळी उठलो की सगळं गाव अजून झोपेतच आहे असं वाटतं, आणि खरं सांगू, ते मला आवडायलाही लागलं होतं. बाजारात मंदी आली असेल, असं मी शेजारच्या लेथवाल्या जोतीरामला म्हटलं. तो हसून काहीतरी बोलला. मग मीही हसलो.

चौथ्या दिवशी दुपारी थकून मी मॅडमच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा झालो. इंजिन चालूच होतं. शटरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येत होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. सीटमधून इंजिनाची थरथर पाठीला लागत होती, आणि अर्धवट झोपेत मला तू दिसलीस, सातवीतली, हातात नेलपॉलिशची बाटली. शाळेत बाईंनी ती जप्त करून मलाच बोलावून दिली होती. ती गॅरेजात पडून राहिली, तेव्हा तूच म्हणालीस, अब्बा, ज्या स्क्रूला हात लावाल त्याला टिकली लावत जा, म्हणजे कुणी फिरवला तर कळेल. तेव्हापासून मी लावतोय. ती बाटली संपली तशी त्याच रंगाची दुसरी आणली. दुकानदारानं माझ्याकडं कसं बघितलं ते आता सांगत नाही.

उठलो, इंजिन बंद केलं आणि हवेच्या झडपेचं घर, ती थ्रॉटल बॉडीच सोडवून बाहेर काढली. हवेची झडप ज्याच्यावर टेकते तो बारका स्क्रू तुला माहीत आहे. कारखान्यातून बसवून येतो. हा एक स्क्रू आपला नाही, याला हात लावायचा नाही, असं मीच तुला बजावलं होतं. म्हणून तर तीन दिवस मी तिकडं बघितलंही नव्हतं. त्या स्क्रूवर ताजी, चकचकीत लाल टिकली होती. स्क्रू जवळजवळ एक आटा आत गेला होता. कोल्हापुरात अशी टिकली लावणारा दुसरा कुणी नाही, शिफा.

मग आठवलं. सर्व्हिसिंग झाल्यावर मी इंजिन चालू केलं, वाकलो, तर काही ऐकू येईना. त्या मॉडेलला आरपीएमचा काटा नाही, आणि मला कशाला लागतो काटा. वाटलं, आयडलिंग उतरलंय, गाडी बंद पडेल. जो फिरवायचा नाही तोच स्क्रू थोडा फिरवला. अजून थोडा. माझ्या कानाला गोड लागेपर्यंत फिरवला, सवयीनं टिकली लावली आणि विसरूनही गेलो. गाडी पहिल्यापासून चांगली होती. मी तिथंच खाली जमिनीवर बसलो आणि मला फार लाज वाटली. स्क्रू होता तिथं आणला, सगळं जोडलं, पहिला गिअर टाकून क्लच तेवढाच सोडला. गाडी जाग्यावर थरथरली, भिंतीकडं गेली नाही. बोनेटवर तळवा ठेवून बराच वेळ उभा राहिलो. हाताला बरोबर लागत होतं.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेलेत, मशीन घ्यावी लागेल. घेईन. मॅडम गाडी न्यायला आल्या तेव्हा त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बोनेटवरच्या धुळीत त्यांनी बोटानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, “शिफाला सांगितलं का?” म्हणून हे पत्र. व्हॉट्सअॅपवर माझी जाड बोटं दोन ओळींच्या पुढं जात नाहीत, आणि हे दोन ओळींचं नाही. त्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा तू बराच वेळ बोलत होतीस. तुझा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मग तू थांबलीस, म्हणजे काहीतरी विचारलंस. मी गेले वर्षभर सगळ्यांना म्हणतो तेच म्हणालो, बघू नंतर, आत्ता कामात आहे. तू फोन ठेवलास. तू काय विचारलं होतंस ते मला माहीत नाही. नोकरीचं असेल, लग्नाचं असेल, कदाचित या गॅरेजचं असेल. जे काही असेल, त्याला मी नाही म्हटलेलं नाही, मी ते ऐकलेलंच नाही. पुन्हा एकदा विचार, पण लिहून. पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे. आणि खाली नावाशेजारी लाल डाग दिसेल, तो शाईचा नाही. बिघाड माझ्या हातून झाला होता, एवढं तुला कळावं म्हणून लावलाय.

तुझाच,
अब्बा