वाढत्या पावलाचे बूट

रेडमंड, १९ जानेवारी १९८८

ती. शीलाताईस सुहासिनीचा साष्टांग नमस्कार (इथल्या थंडीत एवढं वाकवत नाही, तरी मानून घे).

तुझे गुडघे कसे आहेत? आमचे शाबूत आहेत ही देवाची कृपा, कारण या अमेरिकेत शाळेच्या बसमधून पोरांना बर्फाच्या डोंगरावर नेतात आणि पायांना फळ्या बांधून खाली सोडून देतात (स्कीइंग म्हणतात त्याला). तेही फी घेऊन! ऐकलं तेव्हा हातातलं लाटणंच पडलं माझ्या. पण आमच्या वसुधानं (नऊ वर्षांची घोडी, उत्तरं इंग्रजीत देते) जेवणावर रुसवा धरला आणि तिचा बाबा श्रीराम पाघळला.

मग बूट. बूट कसले, प्लॅस्टिकच्या बादल्या! दुकानातल्या म्हाताऱ्यानं आतलं अस्तर काढलं, नुसत्या कवचात तिचं पाऊल घातलं, टाचेमागे दोन बोटं सरकवून पाहिली आणि म्हणाला, हेच माप, मोजा एकच. मी म्हटलं, "अहो, वाढतं पाऊल आहे, दोन नंबर मोठे द्या." मी पोरीला विहिरीत ढकलतेय असा त्याचा चेहरा झाला. पाय मोडेल म्हणाला. मला वाटलं, दरवर्षी नवे खपवायची युक्ती. मोठेच घेतले आणि मोज्यांचे तीन जोड कोंबले.

शनिवारी वसुधा उतारावर वळायला गेली, पडली आणि पाऊल बुटातून सुळकन बाहेर! बूट फळीला घट्ट. (सुटलेल्या फळीला ब्रेक असतो म्हणे, पण तो बुटाखाली दबलेला.) ती बूट घातलेली फळी एकटीच सुसाट खाली आली, माणसं बाजूला उड्या मारताहेत, आणि कॉफी पिणाऱ्या एका बाईच्या खुर्चीखालून जाऊन कुंपणावर आदळली. वर आमची कन्या एका पायावर: "आई, माय बूट इज गॉन!" ताई, तो पाय आत पिळवटला असता तर?

सोमवारी मान खाली घालून पुन्हा दुकानात. म्हाताऱ्यानं पुन्हा टाचेमागे दोन बोटं सरकवून माप घेतलं. सीझनभर भाड्यानं बूट दिले, पाऊल वाढलं की बदलून देईन म्हणाला. अशी सोय असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! (श्रीराम म्हणतो, त्यानं सांगितलं होतं.)

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
सुहास

ता. क. मोठे बूट दुकानानं परत घेतले नाहीत. मला अगदी मापात बसतात. मार्चमध्ये माझा पहिला धडा.

ता. ता. क. तुझी हिमालयातली जाड विजार ताबडतोब पाठव. पार्सलवर 'लोणचं' लिही; श्रीरामला त्याचा वास सोसत नाही, म्हणजे तो उघडणार नाही आणि माझ्या धड्याचं त्याला कळणार नाही.