उत्तरे पान सातवर

बाबा, परवा दुकान रिकामं केलं. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं नुसतं कुलूप होतं, आता तिथे स्कूबावाल्यांचं ऑफिस येणार आहे. पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवतात आणि वर त्याचे पैसे घेतात. तुम्ही असतात तर दोन दिवस हसत बसला असतात. तागडी मी घरी आणली. मागच्या फळीवर कोकमाचा मोठा डबा होता, त्यात तुमची वही सापडली, म्हणून डबाही आणला. तेव्हापासून ती माझ्या उशाशी आहे, आणि आज तिच्यामुळेच लिहायला बसलेय.

आपल्या दुकानात साखर, डाळ, मिरची, सगळं रद्दीच्या कागदात बांधून जायचं, आणि एकही कागद तुम्ही वाचल्याशिवाय बांधायचा नाहीत. गिऱ्हाईक पायरीवर ताटकळत उभं, आणि तुम्ही चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून सामान्यज्ञानाचं सदर वाचताय. चर्चजवळ राहणाऱ्या टीचर आपल्याला माळ्यावरची जुनी वर्तमानपत्रं आणून द्यायच्या. त्यासुद्धा वैतागायच्या. "माका आधी साखर दी रे, जग मागीर बघ." तुम्ही त्यांना बोटाने थांबा म्हणायचात. खरी पंचाईत पुढेच व्हायची. प्रश्न असत तिसऱ्या पानावर, खाली बारीक अक्षरात 'उत्तरे पान सातवर', आणि पान सात नेमकं कालच कुणाच्या तरी सामानाबरोबर गेलेलं. मग तुमची हाक यायची, "गो बाय, धाव! सातवा पान टीचरच्या गुळाक गेला." मी दप्तर टाकून पळत सुटायचे आणि गुळाला चिकटलेला कागद सोडवून, मुंग्यांसकट घेऊन यायचे. टीचर म्हणायच्या, या घरातले सगळेच वेडे. पण दुसऱ्या दिवशी उत्तर काय निघालं ते विचारायला त्याच पहिल्या येत.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की माझी परीक्षा. तुम्ही पोत्यावर बसलाय, मी उंबऱ्यावर. "सांग बघया, सिनेमात एका सेकंदाक चित्रां किती सरकतत?" चोवीस. "सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात पत्ते किती?" एकशे वीस. "चावी हो शब्द खंयसून इलो?" पोर्तुगीजातून. बोलिव्हिया सापडला तेव्हा तर तुम्हाला चार दिवस दुसरं काही सुचलं नाही. त्या देशाला किनारा नाही, तरी त्यांनी आरमार ठेवलंय. "समुद्र नाय आणि आरमार आसा! कमाल आसा गो त्यांची," असं तुम्ही मीठ न्यायला आलेल्या माणसालाही सांगितलंत. मग ठरल्यासारखा तुमचा हात समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जायचा आणि तुम्ही किल्ल्याचं काहीबाही सांगू लागायचात. तेवढं मात्र मी ऐकायचे नाही. रोज पायरीवरून दिसणाऱ्या गोष्टीत विचारण्यासारखं काय असणार, असं मला वाटायचं.

आठवीत मी जिल्ह्याच्या स्पर्धेला ओरोसला गेले, तो दिवस तुम्ही विसरला नसाल. एसटी स्टँडवर तुम्ही माझ्या वेणीची रिबीन उगाच दोनदा नीट केलीत. गाडी सुटता सुटता खिडकीशी येऊन म्हणालात, "येणा नसात तर येणा नाय म्हणान सांग. थाप मारू नको." स्पर्धेत विचारलं, नायजेरियाची राजधानी कोणती? मी घंटा वाजण्याआधीच ओरडले, लागोस. ते आपल्याच दुकानात, कुणाच्या तरी तूरडाळीच्या कागदावर वाचलेलं होतं. परीक्षक म्हणाले, राजधानी हलवून आता काही वर्षं झाली, अबुजा. सगळा हॉल हसला. टीचरच्या माळ्यावर जग कधीचं थांबलं होतं, हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

संध्याकाळी मी आले तेव्हा तुम्ही पायरीवर उभे. हातात खाज्याची पुडी. ती तुम्ही जगाच्या रंगीत नकाशाच्या पानात बांधली होती. ते पान तुम्ही किती वर्षं जपलं होतं, कुणाच्या सामानाला कधी वापरू दिलं नव्हतं. टीचर तिथेच होत्या, आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मी ती पुडी हातातही घेतली नाही. "तुमच्यामुळे हरलंय मी! लागोस नाय, अबुजा आसा. तुमचा सगळा ज्ञान रद्दीतला!" टीचर पुढे झाल्या, "बापाशीक असा बोलूचा नाय गो." तुम्ही रागावला नाहीत. "बदालली? माका कळाक नाय," एवढंच म्हणालात आणि तागडीकडे वळलात. त्या वेळचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाहीत. कागद न वाचता बांधू लागलात, पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि तोही विषय संपला. मी शिकले, नोकरीला लागले, घरी आले की किती वेळा मनात आलं, आता सांगून टाकू. तुम्ही विचारायचात, जेवलीस काय, गाडीक गर्दी होती काय. मीही तेवढीच उत्तरं द्यायचे. मला वाटायचं तुम्ही ते कधीच विसरलात. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

तुमची वही सगळी प्रश्नांची आहे. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, आणि जिथे सातवं पान मिळालंच नाही तिथे कोरी जागा. निम्म्या वहीनंतर शेवटची नोंद आहे. 'नायजेरिया. अबुजा. लागोस नाय.' आणि त्याखाली, 'माझ्यामुळे चेडू हरला.' ते चेडू मी. पुढची सगळी पानं कोरी आहेत, बाबा. मी ती एकेक करून उलटून पाहिली. दुकानाच्या फरशीवर बसून इतकी रडले की स्कूबावाला मुलगा पाणी घेऊन आला.

मी लागोसमुळे हरले नव्हते. तो प्रश्न दुसऱ्या फेरीतला. नंतर मी सगळं भरून काढलं, आणि शेवटी मी आणि देवगडची एक मुलगी अशा दोघीच उरलो, गुण सारखे. शेवटचा प्रश्न माझ्याकडे आला. परीक्षक हसत म्हणाले, ही तर मालवणची, हिला सोपाच जाणार. सिंधुदुर्ग किल्ला ज्या बेटावर बांधला, त्या बेटाचं नाव काय? तुमचा किल्ल्याकडे गेलेला हात डोळ्यांसमोर आला, पण तुम्ही काय सांगत होतात ते काही केल्या आठवेना. देवगडच्या मुलीने उत्तर दिलं आणि ढाल तिला गेली. येताना एसटीत मी ठरवलं की घरी लागोसचंच सांगायचं. दुसरं मला कुठल्या तोंडाने सांगता आलं असतं?

हे पत्र तुमच्या वहीत ठेवते आणि वही पुन्हा कोकमाच्या डब्यात. तुमच्या त्या ओळीवर काट मारायला मघाशी पेन उचललं होतं, पण अक्षर तुमचं, हात धजेना. म्हणून तिच्याखाली माझ्या अक्षरात लिहिलंय. 'कुरटे बेट. माका येणा नाय होता. मी थाप मारलंय.'