पासष्टची थरथर

१ फेब्रुवारी, रविवार
इंजिन बसलं! एका सेल्फमध्ये सुरू. मेकॅनिकने नट आवळले, पण प्लॅनिंग सगळं माझं. ऑफिसात मला सिस्टिमॅटिक म्हणतात ते उगीच नाही.

नाना ताईकडे राहायला गेले तेव्हापासून त्यांची गाडी ताडपत्रीखाली पडून होती. इंजिन जाम. आता दुसरं टाकलं. येत्या रविवारी ताईच्या गावी जायचं, नानांना त्यांच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसवायचं आणि कायमचं आपल्याकडे आणायचं. ताईने पुष्कळ केलं, आता पाळी मुलाची, म्हणजे माझी. नानांचं विसरणं वाढत चाललंय, पण गाडी पक्की लक्षात आहे. रोज विचारतात म्हणे, तो गाडी घेऊन कधी येतोय. आज फोनवर सांगितलं, रविवारी येतो. म्हणाले, बॅग भरून ठेवतो.

इंजिन बदलल्याचं त्यांना बोललेलो नाही. ऑइल बदललं एवढंच सांगितलं. गाडीच्या बाबतीत फार हळवा माणूस. स्टीअरिंगला मला कधी हात लावू दिला नाही. समोरासमोर, योग्य वेळी सांगेन.

३ फेब्रुवारी
गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर टेस्ट घेतली. साठपर्यंत लोणी. पासष्टला थरथर! सीटखालून सुरू होते, मांड्यांत येते, मग दातांत. सत्तरच्या पुढे गेलो नाही. भीती म्हणून नव्हे, शिस्त म्हणून.

किरकोळ बाब आहे. चाकांचं बॅलन्सिंग. रविवारच्या आत उरकतो.

५ फेब्रुवारी
बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं. टायरवाला म्हणाला, चाकांत काही दोष नव्हताच. थरथर जशीच्या तशी. त्याचं मशीन जुनं असावं.

ताईला फोन केला की ह्या नाही, पुढच्या रविवारी. तिने फक्त बरं म्हटलं. समजूतदार आहे. नानांनी बॅग भरून दारात आणून ठेवलीय म्हणाली. मी म्हटलं, दारात नको, धूळ बसेल.

९ फेब्रुवारी
तासभर व्हिडिओ पाहिला. परदेशी माणूस, गॅरेज आपल्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. (हे हिच्यासमोर बोललो. चूक झाली.) तो सांगतो की थरथर येते त्या स्पीडला गाडी न्यूट्रल करा. थरथर गेली तर दोष इंजिनाकडे. राहिली तर गिअरबॉक्सच्या मागे शोधा.

सकाळी करून पाहिलं. राहिली.

म्हणजे इंजिन निर्दोष. पण एका व्हिडिओवर किती विसंबायचं? जे बदललं तेच बिघडवणार, साधा हिशेब आहे. इंजिनाखालची रबरं बदलायला सांगितली. मेकॅनिक म्हणाला, बदलू या की साहेब. ऐकून घेणारा माणूस आहे, मला असेच आवडतात.

१२ फेब्रुवारी
नवी रबरं. थरथर निम्म्यावर आली असं माझं मत. ही म्हणाली, तेवढीच आहे. मतावर काय चालायचं, पुरावा हवा. म्हणून हिला शेजारी बसवून हातात काठोकाठ भरलेला पेला दिला. पासष्टला पाणी तिच्या मांडीवर. प्रयोग यशस्वी. 

१५ फेब्रुवारी, रविवार
आज जायचं होतं. नाही गेलो. अर्धवट गाडी घेऊन नानांपुढे उभा राहणार नाही.

ताईचा फोन. काल नानांनी तिला विचारलं, बाई, तुम्ही कोणाकडच्या? थोड्या वेळाने ओळखलं म्हणे. या वयात होतंच. मीही ऑफिसातल्या नव्या मुलीचं नाव रोज विसरतो. ताई म्हणाली, अरे, थरथरत का होईना, पण ये. गाडी बघितली की त्यांचा चेहरा जरा जागेवर येईल. मी तिला समजावलं की नाना पहिल्याच वळणावर विचारतील, काय केलंस माझ्या गाडीचं? ते मला ऐकवणार नाही. म्हणजे, त्यांना त्रास व्हायला नको.

पुढचा रविवार नक्की. काळ्या दगडावरची रेघ.

१८ फेब्रुवारी
थरथर नेमकी कुठून येते ते ऐकायला मी मागच्या सीटखाली आडवा, कान फ्लोअरला. गाडी हिच्या हातात. लायसन्स आहे, पण माझ्याएवढा सराव नाही, म्हणून हळू चालव म्हटलं. हिने ऐंशी गाठली! कानाला टेंगूळ. वर म्हणते, ऐंशीला काहीच थरथरत नाही, आपण ऐंशीनेच जाऊन त्यांना घेऊन येऊ. रोगावर इलाज म्हणजे रोगाच्या पुढे पळायचं! धन्य आहे.

मग म्हणाली, अहो, इतकी वर्षं गाडी त्यांनी चालवली, एकदा त्यांनाच विचारा ना. अजून बोलताहेत, तोवर विचारून घ्या. विचारलं की इंजिनाचं निघणार, हे हिच्या लक्षात येत नाही. म्हणे, सांगा की ऑइल काढताना इंजिनही हातात आलं. मी हसलो नाही. शेवटी म्हणाली, तुम्ही त्यांना घाबरता. पन्नाशी उलटलेला माणूस बापाला घाबरेल? सरप्राइज द्यायचंय, एवढंच.

२३ फेब्रुवारी
कालचा रविवार गिअरबॉक्स खाली उतरवण्यात गेला. क्लचप्लेट नवी टाकली. मेकॅनिक म्हणाला होता, टाकू या की. थरथर आहे तिथेच.

संध्याकाळी ताईचा फोन. नानांनी गाडीचं विचारणं बंद केलंय. चला, सबुरी आली म्हणायची. बॅग तिने परत कपाटात लावली, कारण नाना त्यातला एकेक शर्ट काढून विचारत होते, हे कोणाचे? ताईचा आवाज बसला होता. हवा बदललीय, काळजी घे म्हटलं.

ही जेवली नाही. पित्त असेल.

२८ फेब्रुवारी
आता एकच वस्तू उरली. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा लांब दांडा, शाफ्ट. तो गाडीचा मूळचाच. काढून लेथवाल्याकडे नेला. त्याने मशीनवर फिरवून दाखवला, मधोमध बाक. शिवाय एक खड्डा, खड्ड्यावर जुना रंग. म्हणाला, हा मार आजचा नाही, पंधरावीस वर्षांपूर्वीचा आहे. अशक्य! नानांच्या हातून गाडीला कधी ओरखडासुद्धा गेला नाही. काम चालू असताना मेकॅनिकनेच पाडला असणार. त्याला विचारलं. म्हणाला, पडला असेल साहेब. बघा, कबूलच केलं!

उद्याही जाणं होत नाही. ताईला मेसेज केला. तिने वाचला, उत्तर नाही. कामात असेल.

४ मार्च
विजय!! नवा शाफ्ट, बॅलन्स करून. पासष्टला काही नाही. सत्तरला काही नाही. पेला सीटवर ठेवला होता, थेंब सांडला नाही. एकेक शक्यता बाद करत मी मुळाशी पोचलो, ह्यालाच पद्धतशीर काम म्हणतात.

ही म्हणाली, उद्या रजा टाका, उद्याच निघू. मी म्हटलं, रविवारी. पॉलिश राहिलंय, सीट कव्हरं धुवायची आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. आनंद प्रत्येकाला झेपत नाही.

रस्त्यात नानांना इंजिनाचं कसं सांगायचं ते आरशासमोर बोलून पाहिलं. चांगलं जमतंय.

८ मार्च, रविवार, संध्याकाळ
नानांना आणलं.

ते ताईच्या दारात खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मी गाडीतून उतरलो तर उठून उभे राहिले आणि मला नमस्कार केला. ताईने सांगितलं, नाना, तुमचा मुलगा आलाय. हो हो, म्हणाले. सगळ्यांना म्हणतात तसं. ताईने माझ्या नजरेला नजर दिली नाही. त्यांचा हात धरून तिनेच पुढच्या सीटवर बसवलं.

गाव मागे पडलं. साठ. पासष्ट. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी. मी त्यांच्याकडे बघत होतो, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. म्हणाले, छान ठेवलीत हो तुम्ही गाडी. मला तुम्ही म्हणाले.

मग आपणहून बोलायला लागले. माझीही अशीच होती म्हणाले, रंगसुद्धा हाच. फक्त माझी पासष्टला थरथरायची. एकदा खालून मोठा दगड लागला, घरी कोणाला बोललो नाही. तेव्हापासून थरथरते. पण तक्रार नाही हो तिची, पाय जरा उचलला की गप्प बसते. त्या थरथरीवरून डोळे मिटून सांगेन की हीच माझी.

मी म्हटलं, नाना, हीच ती. मीच तुमचा मुलगा. ते हसले, खोटं बोलणाऱ्या लहान मुलाला हसावं तसे. म्हणाले, नाही, ती मला बसल्याबसल्या कळली असती. मग अस्वस्थ झाले. म्हणाले, माझा मुलगा येणार आहे, ती गाडी घेऊन. मी घरी नसलो तर तो बिचारा दारात उभा राहील. गाडी मागे वळवा.

मागून हिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी काटा पासष्टवर आणला आणि तिथेच धरून ठेवला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या. दात एकमेकांवर ठेवून वाट पाहिली. काही थरथरलं नाही. इंजिनाचं सांगायचं जे पाठ केलं होतं त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही. रडू आलं, ते त्यांच्यासमोरच आलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना तुमच्या?

आत्ता फाटकापाशी बसलेत, रस्त्याकडे तोंड करून. ही दोनदा आत बोलवायला गेली. मुलगा येईपर्यंत इथेच बरा आहे म्हणतात.

जुना शाफ्ट लेथवाल्याकडेच राहिलाय. तो सोमवारी बंद असतो. मंगळवारी सकाळी पहिलं काम, शाफ्ट परत आणून बसवणे. भंगारात गेला नसेल तर.