गाडीतली ऊब आणि अक्काचं बोलणं

तीर्थस्वरूप अक्का हिस,

धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? खोकला गेला, की तुझ्यासारखाच हट्टाने मुक्काम ठोकून आहे? इकडे सगळे मजेत. सूनबाई माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम.

पत्रास कारण, गाडीचा हीटर. (हसू नकोस, पुढे वाच.) गेल्या थंडीत तुला घरी सोडायला आलो तेव्हा वाटेत तू शाळेतली कविता म्हणायला घेतलीस आणि मला दिसले ते नुसते हलणारे ओठ. ब्लोअर बंद केला की तू कुडकुडायचीस, चालू केला की गाडीत वादळ. त्याच्या वेगाचे पहिले तीन नंबर मेलेले आणि चौथ्याला वीररसाखेरीज काही येत नाही. उतरताना तू म्हणालीस, "तुझ्या गाडीत एकतर ऊब मिळते, नाहीतर बोलणं. या वयात मला दोन्ही लागतं. जमेल तेव्हा न्यायला ये." आणि धाडकन दार लावलंस. तेव्हापासून तू तिकडे एकटी आणि मी इकडे भरल्या घरात एकटा. इथे कुणाला अर्धी ओळ म्हणून दाखवावी, तर उरलेली अर्धी म्हणणारं कुणी नाही. येती थंडी तू माझ्या शेजारच्या खोलीत काढायचीस, असं मी ठरवून टाकलं आहे.

मेकॅनिकला गाडी दाखवली. तो म्हणाला, "काका, हीटर कसला दुरुस्त करताय, गाडीच बदला." (हाच न्याय घरात लावला तर पहिला नंबर माझा!) मग मीच समोरचा कप्पा उचकटून आत डोकं घातलं. डोकं गेलं सहज. बाहेर काढायला सूनबाईला बोलवावं लागलं. पण दोष सापडला. पंख्याचा वेग कमी करणारी एक बोटभर पट्टी असते, रेझिस्टर म्हणतात तिला, तिच्यावर तारेची वेटोळी. ती जळलेली. चौथ्या नंबरची वीज तिला वळसा घालून थेट पंख्याकडे जाते, म्हणून तो एकटा जिवंत. जळाली का, तर पंख्यात मूठभर वाळकी पानं अडकलेली. अक्का, मला भरून आलं. म्हटलं, ही तुझ्या दारातल्या झाडाची, तुझा निरोप घेऊन आलेली. सूनबाईने एक पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, ही आपल्याच फाटकाजवळची आहेत. मी रोज झाडते, मला विचारा." आता अशा घरात कवीने राहायचं कसं?

भंगारवाल्याकडून तसाच रेझिस्टर मिळवला, वायर जोडली आणि तो तसाच लोंबकळत ठेवून दुसरा नंबर लावला. काय सांगू! तू मला झोपवताना फुंकर घालायचीस ना, अगदी तसा वारा. मी डोळे मिटले आणि लहानपणी तू पाठीवर थापा मारून शिकवलेल्या चालीत कविता सुरू केली. तिसऱ्या कडव्याला ऊब जरा जास्तच वाटली. पाचव्याला सूनबाई ओरडत धावली, "बाबा, धूर!" त्या तारा तापतात आणि पंख्याचाच वारा त्यांना निववतो, म्हणून त्यांची जागा वाऱ्याच्या वाटेत असते. मी ते ध्यान त्या वाटेबाहेर, गाडीतल्या पायपुसण्याला टेकेल असं लोंबकळत ठेवून कविता म्हणत बसलो होतो. रेझिस्टर वाचला. पायपुसण्याला भाकरीएवढं भोक पडलं आहे. तिथे तू पाय ठेव, म्हणजे दिसणार नाही.

आता तो आपल्या जागी घट्ट बसवला आहे. परीक्षा म्हणून सूनबाईला शेजारी बसवलं, दुसरा नंबर लावला आणि म्हटलं, हळू आवाजात काहीही बोल. लग्न होऊन आल्यापासून माझ्याबद्दल मनात साठलेलं सगळं तिने हळू आवाजात सांगितलं. शब्द न् शब्द ऐकू आला. तेव्हा ऊब आणि बोलणं, दोन्हींची सोय झाली आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : गाडी विकायला काढली आहे. चिरंजीव म्हणतात, "बाबा, आता लांबचं ड्रायव्हिंग बंद." रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार. हा मुलगा आजवर फक्त तुलाच घाबरला आहे. तेव्हा त्याआधी त्याला फोन कर आणि सांग, की मला बस लागते, तुझ्या बापाच्या गाडीतूनच मी येणार. आवाज चढा ठेव.

पुन्हा ता. क. : आणि यायचं मनात नसेलच, तर तेवढं मात्र त्याला कळू देऊ नकोस. म्हणजे मला निदान तुझ्या दारापर्यंत तरी येता येईल.