चार आवाजांतली बाबांची चाल

प्रिय दादा,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. तुझी तक्रार पोचली. माझा व्हिडिओ बंद केलाय, आणि शुक्रवारपर्यंत तू तक्रार मागे घेतली नाहीस तर तो कायमचा पुसतील. लहानपणी बाबांकडे चुगली करायचास, आता वेबसाइटकडे केलीस. प्रगती आहे.

तुझं बरोबर आहे, हे आधीच कबूल करते. बाबांनी चालींचे हक्क तुझ्या नावावर केले. माझ्या कशाला करतील? मी वाजवायला बसले की त्यांच्या चालीत काहीतरी घुसडायचेच, आणि ते आतल्या खोलीतून खाकरायचे. मला वाटलं, खाली ठळक अक्षरांत 'मूळ चाल बाबांची' लिहिलं की झालं. श्रेय देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं, हे तुझ्या वकिलाने शिकवलं. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी म्हणून ठेवलेली स्वरलिपीही मी काल काढून टाकली. ती परत नको मला.

व्हिडिओ तेवढा राहू दे. तू तो पूर्ण ऐकलास का? चारही आवाज माझेच आहेत. आमच्या गायनवृंदातल्या बायकांना सवड नव्हती, म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड घालून एकेक ओळ वेगळी गायले आणि एकावर एक चढवली. सगळ्यांत खालची ओळ काही केल्या लागेना, तेव्हा चक्क सर्दी व्हायची वाट पाहिली. झाली. घसा बसला आणि खालचे सूर असे लागले की बाबाही खाकरले नसते. फार खूश होते मी.

तो घसा नंतर सुटलाच नाही, दादा. गाठ निघाली. गेल्या महिन्यात स्वरयंत्र काढलं. आपलं बोलणं बंद होतं, म्हणून तुला कळवलं नाही. कॉम्प्युटर त्याआधीच बिघडला, मूळ रेकॉर्डिंग त्याच्याबरोबर गेलं. तुझी भाची शाळेतून आली की दप्तर न काढताच तो व्हिडिओ लावायची. आता तिथे नुसता राखाडी चौकोन दिसतो, आणि ती माझ्याकडे बघत बसते. मी तुझ्या पाया पडते. माझं नाव काढ, तुझं घाल, आम्हा दोघींशिवाय कुणाला दिसू देऊ नकोस, पण पुसू देऊ नकोस. एरवी मी फोनवर तुझ्याशी चांगली कडाकडा भांडले असते.

तुझीच,
शेंडेफळ